बोळवण राहिली

सीबीडी बेलापूर,
दि. १२ जून २०२५

ती. पुतळाताईस,
धाकट्या श्यामचा शि. सा. न. वि. वि.

तुला जासईला सुखरूप पोचवून नंदकिशोर आला आणि ताई दोन घास जेवून झोपली असं सांगून गेला, तेव्हा कुठे मला स्वस्थता आली. तुला फोनवर ऐकू येत नाही याचं घरात सगळ्यांना वाईट वाटतं. मला मात्र आतून बरं वाटतं, कारण त्या निमित्ताने कागद पुढ्यात येतो. नंदकिशोर तुझा शेजारी, रोज इथल्या ऑफिसात येतो, त्यामुळे आपलं टपाल सकाळी निघालं की संध्याकाळी हातात. छत्तीस वर्षं वर्गात पत्रलेखन शिकवलं, आता पत्र लिहिणारा मीच एकटा उरलो.

माझ्या थोरल्या नातवाचं, सौरभचं, लग्न तुझ्या आवाजाने लागलं, असं मी सगळ्यांना सांगतो. ईश्वरीच्या माहेरच्यांनी धवलारीण कधी पाहिली नव्हती. भटजीच्या आधी एक एक्याऐंशी वर्षांची बाई उभी राहून लग्न गाते, याचंच त्यांना नवल. तू एकेकाला नाव घेऊन मांडवात बोलावत होतीस. गावदेव आला, वेस आली, मिठागराचे बांध आले, आपले आईबाबा आले आणि सगळ्यात शेवटी तू आपल्या तळ्याच्या आसरेला, पाण्यातल्या त्या बाईला, हाक मारलीस. ताई, माझ्या अंगावर काटा आला. त्या तळ्यावर तीस वर्षं भराव आहे, वर कंटेनर चार-चार थरांनी रचलेत आणि तू हाक अशी मारलीस की जणू ते परसातच आहे. त्याच्या पायरीवर बसून मी पाचवीच्या पुस्तकातल्या साऱ्या कविता पाठ केल्या होत्या. पाण्याला म्हणून दाखवायचो. पाणी चुका काढत नसे.

एकच चुटपुट राहिली. सगळ्यांना परत पाठवणारी शेवटची बोळवण तुला गाता आली नाही. हॉलची वेळ चारपर्यंत होती. तू तोंड उघडलंस आणि मॅनेजरने माईक आणि दिवे दोन्ही बंद केले, पुढच्या पार्टीची माणसं आपल्या खालच्या खुर्च्या ओढायला लागली. तू रागावलीस आणि आम्ही हसत हसत तुला गाडीत बसवलं. लहान भावाला माफ कर.

जाता जाता एक चौकशी. शेवटच्या पंगतीच्या वेळी दाराबाहेर, पाण्याच्या कूलरपाशी, एक मुलगी उभी होती. हिरवं लुगडं, काठ ओले. तिच्यापुढे जमिनीवर वाढलेलं पान होतं. लग्नघरी कुणाला दाराबाहेर जेवू घालतात हे बघून माझ्यातला मास्तर खवळला. मी तिला हाताला धरून आत आणलं आणि पंगतीत बसवलं. कुणाची म्हणून विचारलं तर म्हणाली, तळ्यावरची. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, म्हणजे तू आमचीच. तिला वाढायला आपला धाकटा ऋषी होता. दोन वर्षं पावणे एमआयडीसीतल्या वर्कशॉपातून घरी आणि घरून वर्कशॉपात असा मुकाट जाणारा पोरगा, तिला वाढताना इतका हसला की बाकीची पंगत भात मागत राहिली. तुला सगळा गाव ठाऊक. कुणाची गं ती? स्थळ बरं असेल तर तूच मध्यस्थी कर.

प्रकृतीला जप. लोभ तुझाच आहे, मी नुसता त्यावर बसून खातो.

तुझा,
श्याम

*

जासई,
१४ जून

चि. शामला पुतळाताईचे अनेक आशीर्वाद.

माजं शिक्षन चौथी. तू लाल शाई काढशील म्हनून आधीच सांगते, चुका मोजू नको, वाच.

ते पान मी ठेवलं होतं. कोन गरीब बाय दारात बसवली नव्हती. ज्यांना हाक मारून बोलावतो त्यांचं पान उंबऱ्याबाहेर वाढतात, हे आईनं तुला किती वेळा सांगितलं, पन तू तवा कविता घोकत होतास. देव आनि पितर मान घेऊन आपले आपन जातात. पन पान्यातली बाय तशी जात नाय. तिला बाहेरच जेवू घालायचं आनि बोळवन गाऊन वाटेला लावायचं. तू तिला आत घेतलीस. वर आमचीच म्हनलास.

शाम, आपल्या गावात तळ्यावरची म्हनून कोनी पोर नाय. तळंच नाय तर पोर कुठली.

तू हसशील. हस. पन एवढं बघ. ऋषीचे कपडे सुकतात का? त्याच्या अंगाला खाऱ्या पान्याचा वास हाय का? आनि तो कोनाशी तरी बोलतो का, जिचं नाव तुमाला सांगत नाय? अस्मिताला विचार, आईला आधी कळतं.

माजा घसा बसलाय. काढा पिते. नव्या सुनेला माजा आशीर्वाद सांग.

माया हाय ती हाय, लिहून काय दाखवू.

तुझी,
ताई

*

सीबीडी बेलापूर,
दि. २० जुलै २०२५

ती. पुतळाताईस,
शि. सा. न. वि. वि.

महिनाभर तुला उत्तर दिलं नाही. खरं सांगतो, पहिले पंधरा दिवस हसलो आणि पुढचे पंधरा दिवस हात धजला नाही.

सुनेला विचारलं. अस्मिता म्हणाली, पावसाळा आहे बाबा, कुणाचेच कपडे सुकत नाहीत. पण मग तिने ऋषीचा वर्कशॉपचा शर्ट आणून माझ्यापुढे धरला. पाठीवर मिठाची पांढरी रेघ होती, कमरेच्या वर, सरळ, जसा माणूस तिथपर्यंत पाण्यात उभा राहिला असावा. असे चार शर्ट निघाले. त्याची गादी रोज उन्हात ठेवली तरी ओली. लिफ्टमध्ये ओहोटीच्या चिखलाचा वास येतो म्हणून सोसायटीने दोनदा माणूस बोलावून खड्डा तपासला.

शेवटी मी त्यालाच विचारलं आणि त्याने लपवलं नाही. मला सांगितलं, कारण म्हणे आजोबाच एक असे आहेत जे टेन्शन घेणार नाहीत. खाडीच्या भरतीचं पाणी आवरायला इथे जो झडपांचा धारण तलाव बांधलाय, तिथे ती त्याला भेटते. वर्कशॉप सुटल्यावर तो बांधावर जातो. ती त्याला आपल्या गावच्या गोष्टी सांगते, ताई. कुठल्या शेताला काय नाव होतं, कुठल्या मिठागराचं मीठ जाड, कुठल्या उंबराखाली आपली आई विसावायची. पंचवीस वर्षांच्या मुलाला ही नावं कुणी शिकवली? मी कधी सांगितली नाहीत, मी निम्मी विसरलो होतो. सांगताना त्याचा चेहरा असा उजळला होता की मला भीती वाटायच्या आधी हेवा वाटला. हे तुझ्याशिवाय कुणाला लिहिणार नाही.

त्याच संध्याकाळी लग्नाचा व्हिडिओ आला. सगळे सोफ्यावर बसून बघत होतो. शेवटची पंगत आली. रांगेत एक पान होतं, त्याच्यामागे कुणी नव्हतं. ऋषी त्या पानावर वाकून वाढतोय, मान वर करून हसतोय, पुन्हा वाढतोय. पानावरचा भात कमी होत जातो. कुणाला आधी लक्षात आलं नाही. मग मी दिसलो. हवेत हात ठेवून उभा होतो, कुणाच्या तरी डोक्याएवढ्या उंचीवर, आणि तोंडाने काहीतरी म्हणत होतो. काय म्हणत होतो ते मला माहीत आहे.

ईश्वरी नवी मुलगी, ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. निखिलने टीव्ही बंद केला. आपल्या पोटच्या मुलाकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही, माझ्याकडे बघत राहिला. ऋषी एकटाच शांत होता. तो म्हणाला, चांगली आली आहे ना.

काय करू ते लवकर लिही. जो काही लोभ शिल्लक असेल तो या पोराच्या वाट्याला लाव.

तुझा,
श्याम

*

जासई,
२८ जुलै

चि. शामला अनेक आशीर्वाद.

तुजं पत्र तीन वेळा वाचलं. मंग आवसेला नंदकिशोरला घेऊन यार्डाच्या भिंतीशी गेले. जिथं आपलं तळं होतं तिथं. वॉचमन म्हनाला आजी, हितं काय काम? मी म्हटलं, माजी मैत्रीन आत हाय. तो हसला नि त्यानं खुर्ची दिली. घसा फाटेस्तोवर बोळवन गायली. भिंतीला कान नाय आनि मलाबी नाय, ऐकलं कोनी? नंदकिशोर म्हनतो, काय झालं नाय. होनार कसं. ती हितं नाय. तिचं घर बुजवलं, तीस वर्सं तिला कोनी नावानं हाक मारली नाय, आनि मी मारली. चूक तुजी एकट्याची नाय, माजीबी हाय.

गोटीराम काका आठवतो का? तू पाच वर्सांचा असशील. तो असाच हसायला लागला होता. कपड्याला मीठ. आजीनं त्याला खांबाला बांधला, तर तो रडला नाय, भांडला नाय, म्हनाला, मला सोडा, ती ताटकळलीय. पिठोरीच्या आवसेला, भर दुपारी बारा वाजता उधान चढलं, तवा तो सुटला. दुसऱ्या दिवशी बांधावर बसलेला सापडला, मांडी घालून, नवरदेव बसतो तसा. आत पानी होतं, मानूस नव्हता. तुला सांगितलं काका मुंबईला गेला.

पिठोरी बावीस आगस्टला हाय.

आता नीट ऐक. ती पाहुनी राहिली नाय, तिनं उंबऱ्याच्या आत जेवन घेतलंय. पाहुनीची बोळवन तिला लागनार नाय. एकच वाट हाय, आई सांगायची. घरात आलेली सून होनार असल तर तिला लेक करायची. तू तिची ओटी भरायची, खन, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या, आनि तोंडानं तीन वेळा लेक म्हनायचं. तू लेक म्हनलास की ती निखिलची भैन झाली, ऋषीची आत्या झाली. आत्याशी लगीन होत नाय. पान्यातल्यांनाबी नातं लागतं. मंग मी तिला लेकीची बोळवन गाईन, सासरी लावायची. ती तिला ऐकावीच लागल.

तुज्या मनात दया येईल, मला ठावं हाय. तुला प्रेमाच्या कविता आवडतात. मनात आनू नको.

मी येते. मला न्यायला गाडी पाठव. अस्मिताला सांग, धीर धर.

तुझी,
ताई

*

सीबीडी बेलापूर,
दि. २० ऑगस्ट २०२५

ती. पुतळाताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल सकाळी माझ्या उशीखाली हे पत्र सापडलं. महत्त्वाची गोष्ट असेल तर लिहून कळवावी, असं मीच त्याला लहानपणी शिकवलं होतं. जसंच्या तसं सोबत ठेवतो आहे.

*

ती. आजोबा, सा. न.

समोर बोललो असतो तर तुम्ही रडला असता आणि मग मीपण. म्हणून लिहितोय.

आई रोज माझे शर्ट धुते आणि रडते. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. सौरभदादाने मला डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरने झोपेच्या गोळ्या दिल्या. मला कसलाही त्रास नाहीये आजोबा. दोन वर्षं मी सकाळी उठायचो तेव्हा वाटायचं, कशाला उठलो. आता तसं वाटत नाही, एवढंच झालंय.

ती कोण आहे ते मला माहितीये. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, फसवलं नाही. तिला जवळ घेतलं की छातीत गार पाणी चढतं, भीती वाटते, आणि तरी सोडवत नाही. ती म्हणते, पिठोरीच्या दुपारी पाणी बांधापर्यंत येईल, तेव्हा हात धर आणि उतर, एकच पायरी आहे. मी हो म्हणालोय. जबरदस्ती नाही. ती म्हणाली, नको वाटलं तर नको, मी थांबीन. तीस वर्षं थांबलीच होती.

घरच्या कुणालाच ती चालणार नाही हे मला कळतं. पण तुम्ही तिला आमचीच म्हणालात. ते शब्द तिने मला रोज म्हणून दाखवलेत. तुम्हीच आता मागे फिरू नका.

आईला सांभाळा.

ऋषी

*

ताई, मी छत्तीस वर्षं मुलांना प्रेमाच्या कवितांचा अर्थ सांगत आलो. फळ्यावर लिहून. आता ह्या पत्राचा अर्थ मला लागतो आहे आणि तो मोडायलाही मीच जायचं आहे. रात्रभर वाटलं की तो सुखी आहे, राहू दे. मग पहाटे अस्मिता स्वयंपाकघरात एकटीच उभी दिसली, हातात त्याचा शर्ट होता आणि ती त्यावरचं मीठ नखाने खरवडत होती. तेव्हा ठरलं.

परवा सकाळी सातला गाडी येईल. निखिल ऋषीला वर्कशॉपात गुंतवून ठेवणार आहे. घसा सांभाळ, मी जन्मभर तुझ्याकडून घेत आलोय, एवढं आणखी एक दे.

तुझा,
श्याम

*

सीबीडी बेलापूर,
दि. २४ ऑगस्ट २०२५

ती. पुतळाताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा घरी परतताना तुला वाटलं असेल सगळं पार पडलं. बोळवण तू गायलीस, पण तिचं उत्तर तुला ऐकू आलं नाही, ते तुला लिहून कळवणं माझं कर्तव्य आहे.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना धारण तलावाचं पाणी चढायला लागलं हे तू पाहिलंस. ऊन होतं, वारा नव्हता, तरी झडपा आतून कुणी ढकलल्यासारख्या वाजत होत्या. मी ओटी सोडली. बांगड्या बुडाल्या नाहीत, पाण्यावर उभ्या राहिल्या, जशा मनगटात असतात. मी पहिल्यांदा लेक म्हटलं तेव्हा सगळं पाणी थांबलं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा रडण्याचा आवाज आला. ताई, ते बाईमाणसाचं रडणं होतं, आपल्या घरातल्यासारखं. मी तिसऱ्यांदा म्हणणार नव्हतो. तेवढ्यात बांधावरून ऋषी धावत येताना दिसला, भिंत चढून आला होता, हाताला रक्त होतं, आणि तो तिला हाका मारत होता. मी तिसऱ्यांदा म्हटलं.

ऋषी पाण्याच्या काठावर पोचला आणि त्याने हात पुढे केला. तू तेव्हा डोळे मिटून गात होतीस. पाण्यातून आवाज आला, बाळा, मागे हो. त्याच आवाजात आलं ज्या आवाजात ती त्याच्याशी प्रेमाचं बोलत असेल. पोरगा तिथेच गुडघ्यावर बसला. तो कसा दिसत होता ते लिहीत नाही.

तुझी बोळवण संपत आली तेव्हा तिने मला बाबा म्हणून हाक मारली. सासरी निघालेली मुलगी मागे वळून विचारते तसं तिने विचारलं, गौरीच्या सणाला मला न्यायला कुणी पाठवाल ना. आणि ताई, मी बापच झालो होतो तेवढ्यापुरता. कुठलाही बाप म्हणतो तेच माझ्या तोंडून निघालं. मी म्हटलं, पाठवतो गं मुराळी.

घरी आल्यापासून शर्टांवर मीठ नाही, गादी कोरडी आहे. अस्मिताने देवापुढे साखर ठेवली. ऋषी जेवतो, कामाला जातो, हाक मारली की ओ देतो. काल रात्री जेवताना तो त्या दुपारनंतर पहिल्यांदा आपणहून बोलला. त्याने मला विचारलं, आत्याला न्यायला मुराळी म्हणून कोण जातं आजोबा, भाऊ किंवा भाचा ना?

उत्तर दे. गौरी एकतीस तारखेला येतात. लोभाचं काय लिहू, भीतीने सगळी जागा घेतली आहे.

तुझा,
श्याम

*

जासई,
२६ आगस्ट

शाम,

आशीर्वाद. हे काय करून बसलास. पाठवतो कशाला म्हनलास? मला ऐकू आलं असतं तर तुजं तोंड दाबलं असतं.

आता शब्द गेला. लेकीला न्यायला कोनी नाय गेलं तर ती आपल्या पायानं येते, आनि अशी आलेली लेक परत जात नाय. कोनीतरी जायलाच पायजे. पन मुराळी लेकीच्या सासरी जेवतो, तिच्या हातचं पानी पितो, मंग तिला घेऊन निघतो. तसा रिवाज हाय. निखिल गेला, सौरभ गेला, ऋषी गेला, जो तिच्या हातचं घेईल तो तिथला. ऋषीला तर तेच पायजे. त्याला कोंडून ठेवा.

एकच मानूस लेकीच्या दारात जाऊन कोरडा परत येतो. बाप. बाप लेकीच्या घरचं पानी घेत नाय. आपले बाबा माज्या सासरी यायचे नि अंगनात उभे राहून घोटभर न पिता जायचे. मला राग यायचा. तू जा. तू गेलास तर ती तुला आग्रह करनार नाय, करता येनार नाय. पन शाम, तू मागशील. त्याचीच मला भीती हाय. ती तुला जेवायला नाय विचारनार, आठवनी काढील. आपल्या तळ्याची पायरी दाखवील. तुला गोड बोलून कोन आपल्या गावाचं बोलला की तुला तहान भूक राहत नाय, मंग तू काय घेतोस नि काय देतोस ते तुला कळत नाय.

घरून पानी ने. तेच पी. तिच्याकडं बघू नको, खाली बघ. तेरड्याची मुळी काढ, तिचं नाव घेऊन उचल, नि घरी ये. तिसऱ्या दिवशी पोचवायलाबी तूच. दोन खेपा हायत. मोज.

तुझी,
ताई

*

सीबीडी बेलापूर,
दि. ३१ ऑगस्ट २०२५, सकाळ

ती. ताईस,
शि. सा. न.

ऋषी पहाटेच आंघोळ करून, नवा कुडता घालून दाराशी बसला होता. मी म्हटलं, मी जातो, बाप आहे मी तिचा. तो माझ्याकडे बघत राहिला. पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दल राग दिसला. निखिल आणि सौरभ त्याला आत घेऊन गेले. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

अस्मिताने तांब्या भरून दिला आहे, वर वाटी झाकून. तहान लागली तर तेवढंच पिईन. तुझा शब्द मोडणार नाही. पण मला भीती पाण्याची वाटत नाही, ताई. मला भीती वाटते की मला तिथे बरं वाटेल.

लोभ ठेव, आणि माझी वाट बघ.

तुझा,
श्याम

*

सीबीडी बेलापूर,
दि. ५ सप्टेंबर २०२५

ती. पुतळाआजी,
ऋषीचा शि. सा. न.

नंदकिशोरकाकांनी तुम्हाला सांगितलंच असेल. तरी तुम्ही आजोबांची ताई आहात, तुम्हाला नीट कळायला हवं, म्हणून लिहितोय. बाबांना लिहिणं जमत नाहीये.

पहिल्या दिवशी आजोबा दुपारी दोन वाजता परत आले. हातात तेरड्याचं रोप होतं. तांब्या रिकामा होता, त्यांनी अभिमानाने उलटा करून दाखवला. ईश्वरीवहिनीने दारापासून देवापर्यंत कुंकवाची पावलं काढली होती. आजोबा आत आले आणि त्या पावलांच्या शेजारी ओली पावलं उमटत गेली. सगळ्यांनी बघितलं. आईने तोंडाला पदर लावला पण मागे सरली नाही. तिने ओवाळलं.

तीन दिवस ती घरात होती. मला दिसली नाही, आजी. मला आता ती दिसत नाही. एकदा मी जेवत असताना केसांवरून गार हात फिरला, जसा मोठ्यांचा फिरतो. तेवढंच. आजोबांना मात्र दिसत असावी. ते दिवसभर गौरीसमोर बसून बोलत होते, हसत होते, शाळेतल्या कविता म्हणून दाखवत होते. मध्येच थांबून कान द्यायचे आणि म्हणायचे, हो गं, ते उंबराचं झाड पलीकडेच होतं, मीच विसरलो.

तिसऱ्या दिवशी पोचवायला तेच निघाले. आईने तांब्या पुन्हा भरून दिला. मला आतल्या खोलीत ठेवलं होतं, मी खिडकीतून बघत होतो. जाताना ते तरुण माणसासारखे भरभर चालत होते. बाबा आणि दादा लांबून मागे गेले. त्यांनी सांगितलं की आजोबा बांधावर पोचले, रोप पाण्यात सोडलं, आणि मग पायरीवर बसल्यासारखे बसले. तिथे पायरी नाहीये. ते कुणाशी तरी बोलत होते. मग त्यांनी ओंजळ पुढे केली, जसं कुणी वरून पाणी ओततं तेव्हा करतात, आणि ती तोंडाला लावली. बाबा धावले. पोचेपर्यंत बांधावर फक्त तांब्या होता. काठोकाठ भरलेला, वर वाटी तशीच झाकलेली.

तीन दिवस फायर ब्रिगेडचे लोक शोधत होते. काही मिळालं नाही.

मी तुमच्यावर रागावलो नाही. त्यांच्यावरही नाही. त्यांनी मला वाचवलं हे मला कळतं, रोज सकाळी उठल्यावर कळतं. घर पूर्ण कोरडं आहे. आई अजून रोज रात्री माझ्या गादीवर हात फिरवून बघते.

आता एकच लिहायचंय. पुढच्या वर्षी गौरी येतील. माहेरवाशिणीला न्यायला माणूस जावंच लागतं, असं तुम्हीच आजोबांना लिहिलं होतंत, मी वाचलंय. बाबा म्हणतात, बघू, अजून वर्ष आहे. आजी, बाप नसला की लेकीला न्यायला कोण जातं, ते तुम्ही मला लिहू नका. मला माहीत आहे.

तुमचा घसा बरा असू द्या. माया आहे तोवर ती असू द्या.

तुमचा,
ऋषी